ओटीत दिलेली कॉलर

शेवंतीताईचा मला आजही राग येतो. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यात आम्ही चाळीसजणी एक्स्पोर्टचे शर्ट शिवायचो. मी काज-बटणाला होते, कॉलर तिच्याकडे. कॉलरचा पुठ्ठ्याचा साचा तिने स्वतः कापलेला, आणि रोज डब्याच्या पिशवीतून तो काशीमीऱ्याला घरी न्यायची. शेठने तीनदा मागितला, तीनदा तिने दिला नाही. "हा माझ्यापाशी आहे तोवर मला कोण हलवतंय?" म्हणायची. खरंच होतं ते.

एक्याण्णवच्या दिवाळीनंतर शेठने मॉरिशसहून मृणालिनी नावाची बाई आणली. त्या एवढ्याशा बेटावर तेव्हा कपड्यांचे कारखाने धडाधड उभे राहत होते आणि एकात शेठची भागीदारी होती. बाई म्हणे काम बघायला आलेली. बघायला कसली, उचलायला. मला ती पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको व्हायची. पण ती मराठी बोलली. पणजोबा रत्नागिरीहून उसाच्या मळ्यात गेले, घरी अजून गणपती बसतो, म्हणाली. झालं, आमची रत्नागिरीची शेवंतीताई विरघळली.

बाई निघाली त्या दिवशी हिने मशीनपाशीच तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ आणि वर तो साचा. मी तिला चिमटा काढून म्हटलं, "अक्कल गहाण ठेवलीस काय? परत घे."

"माहेरवाशिणीच्या ओटीतलं परत घेतात का गं?" ती म्हणाली.

सहा महिन्यांत सगळ्या ऑर्डरी तिकडे गेल्या. गाळा महिनाअखेर बंद, हे सांगायला शेठने आम्हाला बोलावलं आणि तिकडचा शर्ट टेबलावर फेकला. "देखो, इसको कॉलर बोलते हैं. तुम लोगों से कभी नहीं हुआ."

शेवंतीताईने कॉलरची दोन्ही टोकं जुळवली. "डावं टोक सूतभर लांब आहे, शेठ. साचा कापताना माझी कात्री घसरली होती. शिवताना मी तेवढं आत घ्यायचे. तिला सांगायचं राहिलं."

शेठने टेप लावून बघितलं. चेहरा पडला त्याचा. हजारो शर्ट तसेच शिवून झाले होते. मला इतका आनंद झाला की लाज वाटली नाही.

"नया काट के दे," तो म्हणाला.

मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला. "पोर तिकडे बोलणी खाईल," म्हणाली, आणि पुठ्ठा मागितला. या वेळी तिची कात्री घसरली नाही.