माझ्याच लॅपटॉपची पूजा, आणि मी मागे उभं राहायचं

आज खंडेनवमी. कुडाळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची ओळख करून द्यायला मला बोलावलं होतं. आधी यंत्रांची पूजा होती.

टेबलावर माझाच लॅपटॉप. यजमान गेल्यावर चार वर्षं त्याच्यावरच मी वाचून वाचून ही भाषा शिकले. मी हळदकुंकवाचं तबक उचललं, तर क्लासच्या बाई हळूच म्हणाल्या, "काकी, तुमी वायच मागे रवा. पूजा सवाष्णीन करूची असता."

"बरा. आणि रस्ट कोण शिकयतलो?" मी विचारलं, लॅपटॉपला कुंकू लावलं आणि शिकवायला उभी राहिले.

सांगितलं की ही भाषा यंत्राच्या अगदी जवळून काम करते, एकच काम तिच्यात निरनिराळ्या पद्धतींनी लिहिता येतं. कंपायलर आधी सगळा प्रोग्रॅम तपासतो, मेमरीच्या बऱ्याच चुका तिथेच अडवतो, मगच यंत्राच्या भाषेत उतरवतो. लिहिणारीचा नवरा आहे का, हे तो विचारत नाही. पन्नासच्या दशकात अगदी सुरुवातीचा एक कंपायलर बाईनेच लिहिला होता.

राग त्या एकट्या बाईंचा नाही. त्या मला मागे व्हायला सांगत होत्या तेव्हा खोलीत बारा शिकलेली माणसं होती, सगळी खाली बघत राहिली. तुम्ही तिथे असता, तर बोलला असता का?