नकाशावरचा अभिमन्यू

आमच्या बीडकडच्या शिरूर कासारच्या गल्लीत मंजुळाबाईएवढी चौकस बाई दुसरी नाही, हे मी सांगतेय, अंगणवाडीत दिवसभर लेकरांचे प्रश्न झेलणारी सुरेखा. शेजारच्या उत्तरेश्वरनं पुण्यात बसून फोन लावला आणि इथं त्याच्या विहिरीवरची मोटर चालू झाली, तेव्हा ही बाई सिमकार्डवाल्या स्टार्टरच्या पेटीला कान लावून उभी!

"सुरेखा, मोटरीला नंबर हाय, मंग म्हशीला कावून न्हाई? सांजच्याला बोंबलत हिंडावं लागतं."

"मावशी, म्हशीला फोन उचलता येत न्हाई."

"मोटरीला तरी कुठं हात हायेत?"

आता बोला!

दिवाळीनंतर गल्ली नेहमीसारखी रिकामी झाली. मंजुळाबाईचा लेक अभिमन्यू आणि सून सुनिता टोळीबरोबर सांगलीकडं ऊसतोडीला निघाले. जायच्या दिवशी मीच मायलेकाच्या फोनमध्ये नकाशा जोडून दिला. अभिमन्यू जिथं जाईल तिथं त्याच्या नावाचा ठिपका जायचा, आणि इथं माय ओट्यावर बसून तो बघायची. "आज नदी वलांडली बघ," असं साऱ्या गल्लीला सांगत सुटायची. मला तर वेड लावलं तिनं. माणूस विहिरीत उतरला तर ठिपका खाली जातो का? जेवला का न्हाई ते दाखवतो का? मी म्हणाले, वर आभाळात उपग्रह असतात, त्यांना फक्त जागा कळते.

"एवढ्या वरून बघतात आन् पोटात भाकर हाय का एवढं कळंना? मंग काय बघतात मेले!"

आता खरी गोष्ट सांगते. अभिमन्यू आधी दारू प्यायचा. लई प्यायचा. वैतागून सुनिता माहेरी निघून गेलती. मग ह्यानं कपिलधारच्या देवळात जाऊन दारू सोडायची शपथ घेतली, आणि मंजुळाबाई स्वतः सुनेला आणायला गेली. सुनेच्या बापासमोर तिनं शब्द दिला, "पुन्यांदा ह्यानं बाटलीला हात लावला, तर मीच पोरीला तुमच्या दारात आणून सोडीन. माझा लेक म्हणून आड येणार न्हाई." आणि ही बाई दिलेला शब्द मोडणारी नाही, हे गल्लीतलं कुत्रंसुद्धा सांगेल.

एका दुपारी मी लेकरांना खिचडी वाढत होते, तर ही फोन घेऊन पुढ्यात. "ठिपका सकाळधरनं हालंना. काय लिवलंय वाच."

मी बोटांनी नकाशा मोठा केला. ठिपका एका गावातल्या परमिट रूमवर बसलेला.

"दारूचं दुकान हाय, मावशी."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. सकाळी ठिपका तिथं जायचा, दिवस मावळला की टोळीच्या कोप्यांच्या, म्हणजे झोपड्यांच्या, तळावर परतायचा. संध्याकाळी ती फोनवर विचारायची, "दिसभर काय केलंस?" तो म्हणायचा, "काय करणार माय, ऊस तोडला." फोन ठेवला की ही दात-ओठ खायची. "खोटारडा! सून एकटीच कोयता चालवत आसंल."

मी म्हणाले, सुनिताला विचारा. "फोन एकच, तोबी त्याच्यापाशी. त्याच्यासमोर ती काय बोलंल?" मग टोळीच्या मुकादमाला विचारा. "म्हंजी साऱ्या गावात बोभाटा की!" दुधानं तोंड पोळलेलं माणूस, ताकही फुंकून पिणारच. शेवटी तिनं ठरवलंच. जायचं, डोळ्यांनी बघायचं आणि सुनेला माहेरी पोचवायचं. वाचता येत नाही म्हणून मला बरोबर घेतलं.

एसटीत सारा वेळ ती लेकाला द्यायच्या शिव्या पुटपुटत होती. पण स्वभाव जातो कुठं? मध्येच फोनात आपला ठिपका बघून खूश व्हायची, "गाडी थांबली की मीबी थांबते बघ!" मग आठवण यायची आणि पुन्हा तोंड वाकडं.

दोन्ही ठिपके एकमेकांना भिडले तेव्हा आम्ही त्या परमिट रूमपुढं उभ्या होतो. शटर बंद. कुलूप. मंजुळाबाईनं पदर खोचला आणि जी काय हाक मारली, "अभिमन्यू! भाईर ये भाड्या!" शेजारच्या किराणा दुकानातली बाई घाबरून बाहेर आली. मी अभिमन्यूचा नंबर लावला. रिंग वाजली ती किराणा दुकानातून.

आत भिंतीला लांबलचक फळी, फळीवर ओळीनं फोन, सगळे चार्जिंगला लावलेले, ओळखू यावेत म्हणून प्रत्येकाला वेगळी चिंधी बांधलेली.

"हे सगळे तुमच्या बीडच्याच माणसांचे फोन," दुकानवाली म्हणाली. "तळावर लाईट कुठली? सकाळी फोन ठेवून जात्यात, सांच्याला घेऊन जात्यात."

नकाशाला शेजारचं दारूचं दुकान ठाऊक होतं, हे किराणा दुकान ठाऊक नव्हतं. बस्स, एवढंच. मला असं हसू फुटलं की पोट धरून मी गोणीवर बसले. मंजुळाबाई हसली नाही. तिनं लेकाचा फोन हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला.

"ह्यो हितं हाय," ती म्हणाली. "मंग माझं पोरगं कुठंय?"

दुकानवालीनं वाट दाखवली. उसाच्या फडात भर उन्हात ट्रॉली भरत होती. डोक्यावर उसाची मोळी घेऊन एक माणूस अरुंद फळीवरून वर चढत होता. मान दबलेली, पाय लटपटत होते. मंजुळाबाई त्याच्याकडं बघून दुसरीकडं लेकाला शोधायला लागली. मोळी टाकून तो वळला तेव्हा तिला कळलं.

"माय? तू कावून आलीस? घरी समदं बरं हाय ना?"

सुनिताही कोयता टाकून पळत आली. मीच सगळं सांगितलं. सुनिता तर हसून हसून लोळायची बाकी. "अवो आत्याबाई, ह्यांनी बाटलीचा वासबी घेतला न्हाई!" अभिमन्यूही हसला. "म्हंजी मी इतके दिस दुकानात बसून व्हतो म्हण की."

मंजुळाबाईनं त्याचा हात धरला. उसाच्या पाचटानं बोटं कापलेली. मग सुनेचा हात बघितला, तोही तसाच. सगळ्या वाटेनं पाठ केलेल्या शिव्यांपैकी एकही तिच्या तोंडातून निघेना. डोळ्यांतून पाणी मात्र निघालं.

"ठिपका सावलीला व्हता रे," ती म्हणाली. "मी त्याला रोज शिव्या घालत व्हते. तुमी दोघं तिथंच बसून ऱ्हायला असता तर काय बिघडलं असतं?"