मेव्हणा आणि तयार क्वेरी

ब्रह्मदेवाने स्वतः प्रकट होऊन वर दिला, तरी आमचा अकोल्याचा मेव्हणा आधी त्यातले दोन शब्द बदलून मागेल. तयार वस्तू जशीच्या तशी घेणे त्याच्या रक्तातच नाही. नवा शर्ट घेतला की दुकानातून तो थेट शिंप्याकडे जातो. स्वतःच्या लग्नात त्याने भटजींना थांबवून एका विधीची जागा बदलायला लावली, आणि मुहूर्त टळेल या धाकाने भटजींनी ती बदललीही. टपरीवर पोहे वेगळे, तर्री वेगळी घेऊन हा स्वतः कालवतो. "बनवणाऱ्याले माझं पोट मालूम हाय का, भाऊजी?" असे वर मलाच विचारतो.

असा माणूस अमरावतीच्या एका धर्मादाय नेत्ररुग्णालयात संगणकावर बसतो. गावोगावच्या शिबिरांतून आलेल्या रुग्णांच्या नोंदी साफसूफ करून एकत्र आणणारे एक टूल तिथे आहे. त्यातून काय उचलायचे, काय गाळायचे हे सांगणारी क्वेरीही ते टूल स्वतःच लिहून देते. बाकीचे लोक बटण दाबून चहाला जातात. आमचे गृहस्थ मात्र चष्मा कपाळावर चढवून ती क्वेरी उघडतात आणि सासूने सुनेची भाजी चाखावी तशी चाखून तिच्यातले मीठ-तिखट बदलतात. साहेब एकदा वैतागले, "बनवणारे मूर्ख आहेत का?" हा म्हणाला, "हुशार हायेत साहेब, पण ते कधी मेळघाटात धारणीले गेले नाहीत." साहेबांनी क्वेरीला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद दिली, आणि काही महिने तयार क्वेरीच चालली.

मग एक दिवस धारणीकडच्या खेड्यातून जीपने आलेली फुलायबाई खिडकीशी उभी राहिली. कारकून तिला समजावत होता, "आजी, तुमचं ऑपरेशन झालं, कम्प्युटरात तसं लिवलं हाय."

"मंग मले दिसून काऊन नाही राहिलं?" तिने विचारले.

ते ऐकून मेव्हणा खुर्चीतून उठलाच. नाव, गाव आणि जन्मतारीख सारखी दिसली की टूल दोन माणसांचे एक करत होते; आणि आमच्याकडे जुन्या माणसांची जन्मतारीख विचाराल तर बहुतेकांची एक जून, गुरुजींनी नाही तर कागद करणाऱ्या कुणीतरी ठोकून दिलेली. त्याच गावात दुसरी फुलायबाई होती आणि ऑपरेशन तिचे झाले होते. ताकीद गुंडाळून ठेवून त्याने क्वेरीत बापाचे नावही जुळले पाहिजे अशी अट घातली. पडद्यावर एका फुलायबाईच्या दोन झाल्या. पाठोपाठ इतर गावांची माणसेही एकमेकांतून बाहेर निघू लागली. साहेबांनी मागे येऊन ते पाहिले आणि त्यांनीच खिडकीशी उभ्या फुलायबाईला दाखल करून घ्यायला सांगितले.

पट्टी सुटली त्या दिवशी मीही तिथे होतो. फुलायबाईने त्याला न्याहाळून विचारले, "हा पोरगा कोन हाय?" मला त्याचा फार अभिमान वाटला, पण तो काही खूश नव्हता. त्या काही महिन्यांत खिडकीवरून परत पाठवलेली कितीतरी माणसे पुन्हा आलीच नाहीत, आणि त्यांचे फोन लागत नाहीत. हल्ली रविवारी माझी बायको भावासाठी जेवायची थांबते, आणि भाऊ मेळघाटातल्या कुठल्यातरी फाट्यावर जीपसाठी थांबलेला असतो. मी एकदा म्हटले, "अरे, क्वेरी दुरुस्त केलीस ना? झालं की!"

तो म्हणाला, "पडद्यावर वेगळं केलं भाऊजी, आता त्यायले शोधा लागते."