माणूस एकदाच मोजायचा

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. लॉन्ड्रीत सगळ्यांसाठी ती चिमटाताई. चादरीला चिमटा लावावा तसं ती समोरच्याचं वाक्य पकडायची आणि वारा कितीही सुटला तरी सोडायची नाही. शाळा सातवीत सुटलेली. पुढचं शिक्षण तिने रद्दीच्या दुकानात, कामगार संघटनेच्या बाकावर आणि साहेबलोकांशी भांडता भांडता उरकलेलं. त्यामुळे आपल्याला न कळणारी गोष्ट जगात असलीच, तर ती कुणीतरी मुद्दाम अवघड करून ठेवलेली असणार, असं तिचं ठाम मत होतं. बऱ्याचदा ते खरंही निघायचं.

लॉन्ड्री मोठी. चार इस्पितळांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले तिथं धुवायला यायचे. माणसं एकशेवीस. चाळीस जणी डागखोलीत, बाकीची ऐंशी माणसं इस्त्रीला, घडीला आणि यंत्रांवर. डागखोलीत रक्ताचे, औषधांचे डाग हाताने घासून काढायचे. आठ महिन्यांपूर्वी तिथला साबण बंद झाला आणि निळ्या कॅनमधलं नवं पाणी आलं. डाग झटक्यात निघायला लागले. मग हळूहळू हातांची सालंही निघायला लागली.

चिमटाताईची धाकटी बहीण त्याच खोलीत. तिची मूठ मिटेना, कंगवा धरता येईना. लॉन्ड्रीचा डॉक्टर आठवड्यातून एकदा येई. तो म्हणाला, घरी भांडी घासता, धुणी धुता, त्याचेच चट्टे आहेत. हे ऐकलं आणि इस्त्रीवर उभ्या असलेल्या चिमटाताईच्या डोक्यात तिडीक गेली. भांडी काय फक्त डागखोलीतल्या बायका घासतात? इस्त्रीवाल्यांच्या घरची भांडी रात्रीतून आपली आपण अंघोळ करतात की काय?

तिने मोजायचं ठरवलं. कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर दोन रकाने आखले. एक डागखोलीचा, एक बाकी सगळ्यांचा. ज्या दिवशी जिच्या हाताला चट्टा दिसेल त्या दिवशी तिने पेन्सिलीची एक रेघ ओढायची. सहा आठवड्यांत डागखोलीच्या रकान्यात सत्त्याण्णव रेघा झाल्या, बाकीच्यांत एकतीस. तेवढ्यात बहिणीला आणि आणखी तिघींना कागद मिळाला: फुटलेल्या हातांनी इस्पितळाचे कपडे हाताळता येत नाहीत, महिनाअखेर हात साफ झाले नाहीत तर कामावर येऊ नये. आधी हात खायचे आणि मग हात खराब म्हणून हाकलायचं. चोराच्या उलट्या बोंबा.

चिमटाताई रेघांचा कागद घेऊन तडक मॅनेजरच्या खोलीत गेली. डॉक्टर तिथंच बसलेला. त्याने कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला.

"बाई, ही सत्त्याण्णव माणसं कुठं बसवता तुम्ही? खोलीत तर चाळीसच आहेत."

मॅनेजर हसला. दाराला कान लावून उभे असलेले दोघंतिघंही हसले, आणि ते आपल्याच बाजूचे होते हे तिला जास्त झोंबलं. कान तापले. कागद ओढून घेऊन ती बाहेर पडली.

घरी जाताना ती शेजारच्या बियाणेकाकांकडे थांबली. काकांनी बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली होती आणि अजून ते चहाची पूडसुद्धा नमुना घेतल्यासारखी चमच्यात धरून बघत. त्यांनी कागद उलटसुलट केला आणि म्हणाले, डॉक्टर माणूस म्हणून कसाही असो, इथं तो बरोबर आहे. तुझ्या बहिणीने दहा दिवस दहा रेघा ओढल्या. एकच दाणा दहादा मोजलास.

"म्हणजे माझं खोटं?"

"खोटं नाही. चुकलेलं. खोट्याला औषध नसतं, चुकलेल्याला असतं."

त्यांनी टेबलावर चार वाट्या मांडल्या आणि डब्यातले वाळके वाटाणे काढले. डागखोली आणि चट्टा, डागखोली आणि चट्टा नाही, बाकीचे आणि चट्टा, बाकीचे आणि चट्टा नाही. एक वाटाणा म्हणजे एक माणूस, तो एकाच वाटीत पडणार. मग काका मुद्द्यावर आले. आधी असं धर, की खोलीचा आणि चट्ट्यांचा काडीचा संबंध नाही. मग चट्टे सगळीकडे सारखे पसरायला हवेत. डागखोलीत एक तृतीयांश माणसं, तर चट्टेवालीही साधारण एक तृतीयांशच तिथली. तसे कुठल्या वाटीत किती पडायला हवे होते ते काढ, प्रत्यक्षात किती पडले ते बघ. फरकाचा वर्ग कर, अपेक्षित आकड्याने भाग, चारही वाट्यांची बेरीज घे. निव्वळ योगायोगाने थोडा फरक पडतोच. पण चार वाट्यांच्या तक्त्यात बेरीज तीन पूर्णांक चौऱ्याऐंशीच्या वर गेली, तर असा योगायोग शंभरात पाच वेळाही घडत नाही.

"याला काय-वर्ग चाचणी म्हणतात."

"काय?"

"तेच," काका म्हणाले. हा विनोद त्यांनी तीस वर्षं प्रत्येक नव्या माणसावर केला असणार.

संघटनेने त्या कागदाविरुद्ध तक्रार केली होती आणि सुनावणीला तीन आठवडे होते. कामगार अधिकारीबाई महिनाअखेरच्या आदल्या दिवशी दोन्ही बाजू ऐकणार होत्या. चिमटाताईने भिंतीवरच्या रेघा ओल्या फडक्याने पुसून टाकल्या. डागखोलीतल्या बायका खवळल्या. सहा आठवडे ओढलेल्या रेघा, आणि ही बया एका फटक्यात पुसते! तिने ऐकून घेतलं, जे तिच्या स्वभावात नव्हतं, आणि नवे नियम लिहून लावले. एकाच दिवशी मोजणी. माणूस एकदाच. कातडी लाल आणि सोललेली असेल तरच चट्टा, नुसती लाली धरायची नाही.

आणि बघणार कोण? ती स्वतः बघणार म्हटली तर डॉक्टर पुन्हा चष्मा पुसणार. तिने जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरला गळ घातली. सिस्टर म्हणाली, मला कोण कुठल्या खोलीतलं ते कळलं तर माझाही डोळा झुकेल. त्यावर लॉन्ड्रीवाल्यांना सुचेल तेच सुचलं. बाद झालेली एक चादर दारात आडवी बांधली, तिला दोन भोकं पाडली. माणसाने अलीकडून हात घालायचे, सिस्टरने पलीकडे बसून हात बघायचे आणि नाव-खोली आत लिहून घडी घातलेल्या चिठ्ठीवरचा नंबर, चट्टा आहे की नाही, एवढंच लिहायचं. मॅनेजरनेही आपला कारकून तिथं बसवला. खुशाल बसवू दे, चिमटाताई म्हणाली.

डागखोलीतल्या एकीने आदल्या तासाला ब्रशने मनगट घासून लाल केलं होतं. सोललेलं नाही म्हणून सिस्टरने तिच्या नंबरापुढे 'चट्टा नाही' असंच लिहिलं. चिमटाताईने तिला नंतर कोपऱ्यात घेऊन जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

खरी पंचाईत शेवटी झाली. एकशेएकोणीस जोड्या हात बघून झाले आणि एक चिठ्ठी उरली. घडीच्या खोलीतली, चिमटाताईची थोरली जाऊ. ती न्हाणीघरात जाऊन बसली होती. तिच्याही बोटांची सालं निघत होती, निळ्या कॅनचं पाणी तिने कधी पाहिलंही नव्हतं. नोकरी जाईल म्हणून तिला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. धाकटी बहीण चिमटाताईच्या कानाशी लागली. राहू दे की वहिनींना. त्या बाकीच्यांत धरल्या की आपलाच आकडा पडतो. त्या येत नाहीत, तू ओढून आणत नाहीस, कुणाला काय कळतंय?

चिमटाताईने बहिणीच्या न मिटणाऱ्या मुठीकडे पाहिलं. आकडा काठावर असला, तर ही एक चिठ्ठी बहिणीची नोकरी घालवू शकत होती. मग ती न्हाणीघराच्या दाराशी गेली.

"वहिनी, चादरीच्या पलीकडे तुमचं तोंड दिसत नाही. हात घाला आणि मोकळ्या व्हा."

"तुझंच नुकसान करून घेतेयस गं."

"माझं मी बघीन. अर्धी माणसं मोजायला मी काय डॉक्टर आहे?"

जाऊबाईंनी हात घातले. बाकीच्यांत आणखी एक चट्टा.

चिठ्ठ्या उघडल्या. डागखोलीत चाळिसांपैकी अठरा. बाकी ऐंशींपैकी सोळा. एकूण चौतीस. संबंध नसता तर डागखोलीत अकराच्या आसपास यायला हवे होते. काकांकडे बसून तिने बेरीज स्वतः केली, तीनदा, कारण पहिल्या दोन वेळा तिचा स्वतःवरच विश्वास बसेना. आठ पूर्णांक दोन. काकांच्या जुन्या तक्त्यात एवढ्या बेरजेचा योगायोग हजारात चार वेळा.

सुनावणीच्या खोलीत डॉक्टरने कागद वाचला. आज त्याने चष्मा पुसला नाही. अधिकारीबाईंनी सरळ विचारलं, म्हणजे हे चट्टे त्या पाण्यामुळेच आले, असं तुम्ही सिद्ध केलंय?

बहिणीने चिमटाताईच्या पदराला हिसका दिला. हो म्हण.

चिमटाताईने पदर सोडवून घेतला. "नाही," ती म्हणाली. "पाण्यामुळेच आले असं हा तक्ता सांगत नाही. पाणी न वापरणाऱ्या सोळा जणांनाही चट्टे आहेत, ते कशाने हे मला माहीत नाही. पण खोलीचा आणि चट्ट्यांचा काही संबंध नाही, सगळा योगायोग आहे, असं ज्याला म्हणायचंय, त्याने हजारात चार वेळा घडणारा योगायोग धरून बसलोय हे कबूल करावं. भांड्यांचं म्हणाल तर ती आम्ही एकशेवीस घरांत घासतो."

बाहेर व्हरांड्यात बहीण तिच्याशी बोलेना. एक 'हो' जड झालं होतं का तुला, एवढंच म्हणाली आणि खांबाकडे तोंड करून उभी राहिली. पाऊण तासाने कागद बाहेर आला. दोन महिने ते पाणी बंद. तोवर हातांच्या कारणावरून कुणालाही घरी बसवायचं नाही. दोन महिन्यांनी दोन्ही बाजूंच्या समक्ष, याच पद्धतीने पुन्हा मोजणी. डॉक्टरने जाता जाता विचारलं, तेव्हा आकडा तुमच्या विरुद्ध गेला तर? तर तोही मीच वाचून दाखवीन, ती म्हणाली, आणि तुमच्यापेक्षा मोठ्या आवाजात.

सोमवारपासून डागखोलीत साबण परत आला. त्याने डाग निघायला दुप्पट वेळ लागतो आणि बायका दिवसभर कुरकुरतात. जेवणाच्या सुट्टीत चिमटाताई इस्त्री सोडून तिथं जाते, बहिणीच्या वाट्याच्या चादरी पुढ्यात ओढते आणि घासायला लागते. बहीण अजून तिच्याशी धड बोलत नाही. पण बसायला जागा करून देते.