एकतिसावी

बल्बच्या कारखान्यात तिला सगळे मोजणीताई म्हणत. एका खोक्यात तीस बल्ब. तोंडाने गप्पा चालू असल्या तरी तिचा हात तिसाव्यावर आपोआप थांबायचा. बावीस वर्षांत तिचा एक खोका परत आला नव्हता, आणि ही गोष्ट ती घरी आलेल्या पाहुण्यांनाही ऐकवल्याशिवाय सोडायची नाही.

पॅकिंगच्या बायकांची वर्षाची सहल तीच काढायची. तिला धरून त्याही तीसच. यंदा सहल गरम पाण्याच्या झऱ्यावर होती, आणि तिने धाकट्या बहिणीलाही बोलावलं. आई गेल्यावर आईचं शिवणयंत्र ताईने धाकटीला न विचारता परस्पर देऊन टाकलं होतं, तेव्हापासून नऊ वर्षं दोघींचा अबोला. फोनवर "येशील का?" एवढंच विचारलं, आणि धाकटी चक्क हो म्हणाली. झऱ्याच्या गरम पाण्यात पाय सोडून शेजारी बसायचं आणि "चुकलं माझं" म्हणून टाकायचं, असं ताईने घोकून ठेवलं होतं.

पण पुढारपण तिला बसू देईल तर ना! कुणाला पाणी फार कढत लागलं, कुणाची चप्पल सापडेना, कुणी टॉवेलच विसरलेली. धाकटी काठावर बसली होती, शेजारची जागा पिशवी ठेवून अडवलेली. "आलेच हं," ताई तीनदा म्हणाली, पण त्या जागेवर काही बसली नाही.

निघताना तिने बसमध्ये डोकी मोजली. स्वतःला धरून तीस. "चला हो!"

सूर्यफुलांची शेतं मागे पडली. अर्ध्या तासाने एका मळ्यापाशी बस थांबवून बायकांनी मटार घेतला, आणि शेंगा सोलत गाणी सुरू झाली. तेवढ्यात एकीने विचारलं, "ताई, तुमच्या बहिणीला नाही का दिल्या शेंगा?"

ताईने वळून एकेक सीट पाहिली. धाकटी नव्हतीच. बस उलटी फिरली.

धाकटी फाटकाजवळच्या बाकावर केस विंचरून बसली होती. "बस निघताना दिसली मला," ती बसमध्ये चढत म्हणाली. "हाक मारणार होते. मग म्हटलं, बघू तरी, हिला कधी आठवण येते. कुठवर गेला होतात गं?"

"अगं, त्या वळणापर्यंतच! लगेच लक्षात आलं."

धाकटीने बसभर नजर फिरवली. प्रत्येकीच्या मांडीवर सालांचा हा ढीग. "बरं," म्हणाली, आणि मागच्या खिडकीशी जाऊन डोळे मिटून बसली.

मोजायची चूक धाकटीने हसून सोडून दिली असती. हे ताईला कळतं. आता कळून काय उपयोग? खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि त्याच्या पाठोपाठ नऊ वर्षांचं सगळं बाहेर आलं असतं. दोघी रडल्या असत्या, बायकांनी चेष्टा केली असती, संपलं असतं. त्याऐवजी ताईने थाप मारली, तीही पुरावा सगळ्यांच्या मांडीवर असताना.

आपल्या चौकात धाकटी उतरली. पायरीवरून वळून म्हणाली, "सहल छान झाली हं." परक्या माणसाला म्हणावं तसं, अगदी गोड आवाजात.