चंचीत टाकलेली कडी

आमचे मालक जन्मभर गाड्यांचे मिस्त्री. म्हातारपणी एका डोळ्याला धड दिसेना, हात थरथरायला लागला, तेव्हा आमच्या पोराने त्यांना लोकांच्या गाड्या घेणं बंद करायला लावलं. राहिली घरची पिकअप आणि त्यांचा लोखंडी टूलबॉक्स. तो टूलबॉक्स ते उशाला घेऊन झोपायचे.

त्या पिकअपच्या गेअरबॉक्सचं मागचं रबरी सील गळायला लागलं. गाडी उभी राहील तिथं ऑईलचा काळा डाग. पोरगा म्हणाला, "मुरुम गावच्या गॅरेजात टाकतो."

"घरात मिस्त्री मेला का?" मालक म्हणाले.

"मग बसवा तुमी. पण आबा, फिरून गळलं तर टूलबॉक्स भंगारात. गाडीला हात लावायचा न्हाय मग."

"लाव पैज," मालक म्हणाले.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, आठ दिवस होते. मालकांनी गाडीची मागची चाकं बांधावर चढवून घेतली. मागची बाजू उंच असली की ऑईल पुढं सरकतं, सील काढताना सांडत नाही. चाकांना दगड लावले आणि आम्ही दोघं गाडीखाली शिरलो. मी टॉर्च धरायला. लग्न झाल्यापासून माझं हेच काम. आधी कंदील, मग टॉर्च. माझ्या डाव्या हाताची करंगळी अशीच एकदा जॅक सरकून चेंगरली. तेव्हा मालकांनी आधी गाडीचं काही वाकलं का ते पाहिलं. करंगळी अजून वाकडीच आहे.

गेअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट होता तसाच परत बसावा लागतो, म्हणून त्याच्यावर आणि जोडावर खूण करतात. खडू नव्हता. मालकांनी न विचारता माझ्या कमरेची चंची ओढली आणि चुन्याची रेघ मारली. पान-तंबाखूची ती पिशवी माझी, पण तिच्यात हात त्यांचाच जास्त.

शाफ्ट उतरला. जुनं सील उचकटून काढलं. नवं दाबलं ते एका कडेला वर राहिलं.

"तिरकं बसलंय," मी म्हणाले.

"तू चौथी शिकलीस, तुला लई कळतंय. टॉर्च धर नुस्ती. तोंड बंद." सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. सून दारात ज्वारी पाखडत होती. ती हसली.

तिरकं होतंच. त्यांनी ते परत उचकटलं, आणि उचकटताना आतली कडी निसटून माझ्या पदरात पडली. बारीक स्प्रिंगची कडी असते ती. तीच रबराला शाफ्टवर आवळून धरते. तिच्याशिवाय सील म्हणजे नाडी नसलेला परकर. मालकांना ती पडलेली दिसली नाही. पूर्वी बोटाने चाचपून मगच बसवायचे. आता घाई होती, पोराला दाखवायचं होतं.

मी टॉर्च हलू दिला नाही. दुसऱ्या हाताने कडी दुमडून चंचीत टाकली. टूलबॉक्स जाणार हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच टाकली.

मग त्यांनी लाकडाची फळी धरून बत्त्याने ठोकून सील बसवलं, शाफ्ट जोडला, ऑईल भरलं. पोराला म्हणाले, "आता पाच वर्षं वाकून बघायचं काम न्हाय." पोराने खरंच बघितलं नाही. गाडी रोज पळत होती आणि ऑईल वाटेवर सांडत होती. अंगणात डाग पडायचा त्यावर मी सकाळी झाडताना राख टाकत होते.

येळवशीला घरातलं माणूस न् माणूस शेतात जेवायला जातं. पिकअपमध्ये आंबिलाची मडकी, भज्जीची म्हणजे सणाच्या मिसळभाजीची पातेली, सुनेच्या माहेरची माणसं. अर्ध्या वाटेत गेअरबॉक्स किंचाळला आणि गाडी जागेवर जाम झाली. पोराने खाली वाकून पाहिलं. मागचा सगळा भाग ऑईलने माखलेला.

मागून शेजाऱ्याची बैलगाडी आली. "काय मिस्त्री, येळवस रस्त्यावरच करायची का औंदा?"

सगळे हसले. विहीण तोंडाला पदर लावून हसली.

"म्या बराबर बसवलं होतं," मालक म्हणाले.

"दिसतंय की," पोरगा म्हणाला. "उद्या टूलबॉक्स भंगारात. बास."

मडकी डोक्यावर घेऊन आम्ही चालत शेतात गेलो. पूजा झाली, पंगत झाली. मालक पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीमागं बसून राहिले, आंबील पण प्याले नाहीत. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. सवयीने त्यांनी माझी चंची ओढली, तंबाखूसाठी बोटं आत घातली आणि थांबले. डोळ्यांनी नाही, बोटांनीच ओळखलं त्यांनी.

"ही कवा?"

"सील परत काढलं तवा. पदरात पडली."

"आन् तू बोलली न्हायस?"

"टॉर्च धर, तोंड बंद, तुमीच म्हणलाव."

त्यांनी कडी दोनदा बोटावर फिरवली. मग परत आत टाकली, चंचीची दोरी आवळली आणि माझ्या मांडीवर ठेवली. तंबाखू घेतली नाही. पोराला त्यांनी काही सांगितलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी पोराने टूलबॉक्समधले पाने-हातोडे भंगारात घातले, पेटी तेवढी ठेवली. सून तिच्यात कांदे ठेवते. मालक हल्ली भाकरीबरोबर कांदा मागत नाहीत. मागितला तर देईन.