काट्यावरचा अंगठा

परशराम मिस्त्री गेल्याची बातमी आली तेव्हा मी दुकानात तुरीच्या डाळीचं पोतं सोडत होतो. शेजारचं त्याचं शटर साडेनऊ वाजले तरी खालीच होतं, म्हणून मनात चुटपुट होतीच. तेवढ्यात त्याच्या बायकोचा, शेवंताबाईंचा फोन आला. “भाऊजी, या लवकर. हे हात धुवाले उठले अन्‌ तिथंच बसले… उठूनच नाही राह्यले.” मी सुतळी हातातच धरून उभा राहिलो. त्या क्षणी पहिला विचार कोणता आला ते सांगायची लाज वाटते, पण ते सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे. दुःख मागाहून आलं. आधी मनात आलं ते असं, की आता हा कुणाला काही सांगणार नाही. अठ्ठावीस वर्षांचा शेजार, आणि माझ्या डोक्यात पहिलं हे यावं! थू माझ्या जिनगानीवर.

आर्णीत आमची दुकानं भिंतीला भिंत लावून. माझं किराण्याचं, त्याचं सायकलचं. तो जवळच्या तांड्यातून रोज सायकलनेच यायचा, आणि आल्या आल्या आधी माझ्या दुकानात डोकावून “भाऊ, उठला का बाजार?” असं विचारायचा. पंक्चर काढणारे गावात पुष्कळ होते. पण चाक बांधणारा हा एकटा. रिकामी रिम, रिकामा हब आणि मूठभर स्पोक घेऊन बसायचा आणि दुपारपर्यंत चाक उभं करायचा. चाकाचा आऊट, म्हणजे त्याचं डुलणं, काढताना तो डोळे मिटून घेई. स्पोकवर नख मारी, आवाज ऐके, चावी पाव फेरा फिरवी, पुन्हा नख मारी. मी चिडवायचो, “अबे, चाक बांधतं का वीणा लावतं?” तो डोळे न उघडता म्हणायचा, “तू मिरच्या तोल.”

त्याची मुलगी मनीषा, आमची मनू. शाळेत असताना बापाच्या सायकलवरून तांड्यापासून शाळेपर्यंत शर्यत लावायची ती एस.टी.शी. पुढे खरंच शर्यतीची सायकल आली, जिल्ह्यात नंबर आले, आणि ती एकोणीस वर्षांची असताना राज्याच्या संघासाठी निवड चाचणी लागली. जागा दोनच, आणि वाट सगळी घाटाची. तिच्या सायकलला चाकं बापाने बांधलेली होती, साध्या ॲल्युमिनियमच्या रिमची, छत्तीस स्पोकची. चाचणीच्या चार दिवस आधी नागपूरच्या तिच्या कोचनी वापरायला म्हणून कार्बनची जोडी दिली. काळीभोर, उंच कडांची, मोजके चपटे स्पोक. कुण्या दुसऱ्या खेळाडूने दोन हंगाम वापरलेली. मनू ती चाकं छातीशी धरून आली होती. “बा, पाय उचलूनच घेते हे चाक! घाटात मले कोनी धरत नाही आता.”

परशरामने चाक हातात घेतलं. करंगळीवर लटकवलं, फिरवलं. मग कडेवर नखाने टिचक्या मारत सगळा वेढा घातला. एका जागी थांबला, पुन्हा मागे आला, पुन्हा तिथेच थांबला.  मग म्हणाला, “चाल, भाऊच्या काट्यावर पाहू. किती हलकं हाय ते तरी समजू दे.”

हे वजन कसं झालं ते मी बारकाईने सांगतो, कारण सगळं तिथेच घडलं. मनू घाईची. ती जुनं मागचं चाक टायर-ट्यूबसकट ठेवायला निघाली. परशराम गरजला, “काढ ते! टायर काढ, ट्यूब काढ, फ्रीव्हील काढ. हे उघडं तं तेही उघडं. नाईतं कायचं मोजमाप?” तिला समजावूनही सांगितलं, की मधल्या हबाचं वजन वेगळं आणि कडेचं वेगळं, कडेला जे ओझं असतं ते दरवेळी पायाला फिरवावं लागतं. इतका चोख माणूस. माझा काटा इलेक्ट्रॉनिक, पण ताट लहान. चाक त्यावर मावेना, म्हणून मी एक पातेलं उलटं ठेवलं आणि आकडा शून्यावर आणला. वर चाक ठेवलं की ते डुलायचं, म्हणून परशरामने एका हाताने धरलं. जुनं चाक भरलं एक किलो दहा ग्रॅम. कार्बनचं भरलं नऊशे वीस. मनूचा चेहरा पडला. “नव्वदच?”

आता किराणेवाल्याला जे दिसतं ते इतरांना दिसत नाही. माल ताटात स्वस्थ बसला की आकडा स्थिर होतो. कुणाचा हात लागला असेल तर आकडा नाचतो. दोन्ही वेळा आकडा नाचत होता. मी खाली पाहिलं. जुन्या चाकाच्या वेळी परशरामचा अंगठा कडेखालून वर उचलत होता, आणि नव्याच्या वेळी तोच अंगठा वरून दाबत होता. माझ्या काट्यावर! ज्या काट्यावर मी सख्ख्या भावालाही बोट लावू दिलं नसतं, त्यावर. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, याच्या हाताच्या कामाला धक्का लागला म्हणून हा जळतो आहे. तरी मी तोंड उघडलं नाही. का? शेजारी म्हणून. पोरीसमोर बापाची शोभा कशाला, म्हणून. आणि खरं म्हणजे, बोलायला जी छाती लागते ती नव्हती म्हणून. तो तिला म्हणत होता, “नव्वद ग्रॅमसाठी वळखीचं चाक सोडतं का? त्याचा ब्रेक निराळा, उतारावर अंदाज येत नाही.” मनू पुढचं चाक तोलायला थांबलीच नाही. “राहू द्या. आपलेच घेते,” म्हणाली.

चाचणीच्या दिवशी आम्ही दोघं माझ्या मोटारसायकलवर गेलो आणि घाटातल्या शेवटच्या वळणावर उभे राहिलो. मी रस्त्याकडे पाहत होतो, हा मान खाली घालून नुसता ऐकत होता. पहिली पोरगी आली, दुसरी आली. दोघींच्या चाकांची ती घोंऽऽ अशी कार्बनची घरघर. मग मनू. दात आवळलेले, मान सायकलवर पडलेली, आणि पाय एकेक फेरा मोजून ढकलणारे. चाक सरळ, जराही न डुलता चाललं होतं, पण त्याला वर ओढावं लागत होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. दुसरीच्या मागून अकरा सेकंदांनी ती तिसरी आली. परशराम तिच्याजवळ गेला नाही. उतरणीवरून परत येणाऱ्या प्रत्येक पोरीची सायकल नजरेआड होईपर्यंत तो पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी मनू ती चाकं परत द्यायला गेली. कोचकडे टांगता काटा होता. त्यावर जुनं आणि नवं, दोन्ही मागची चाकं लागली आणि फरक निघाला तीनशे दहा ग्रॅम. ती संध्याकाळी तशीच परत आली आणि बापाच्या दुकानात उभी राहिली. भिंत पातळ, पण मी ऐकायला दारातच गेलो होतो.

“बा, तू मले खोटं सांगितलं?”

“हाव.”

“काहून?”

“त्या चाकात आवाज होता. एका जागी बद्द वाजत होतं. आतून तडा असंल तं उतारावर फुटलं असतं.”

“मंग तसं सांगायचं होतं!”

“तू ऐकलं असतं?”

“नसतं ऐकलं,” ती म्हणाली.  “पण मंग चूक माही असती, बा. आता तं माहं काहीच नाही राह्यलं त्याच्यात.”

मग ती माझ्याकडे वळली. “काका, काटा तुमचा होता.” मी काही म्हणायच्या आत परशराम बोलला, “तो गिऱ्हाइकात होता. त्यानं नाही पाह्यलं.” माझ्यापुढे सुटकेचं दार उघडं ठेवलं त्याने, आणि मी भेकडासारखा त्यातून निघून गेलो. “हो, गिऱ्हाइकात होतो मी,” एवढंच म्हणालो. वजनाच्या वेळी दुकानात चिटपाखरू नव्हतं.

ती चाकं पुढे दुसऱ्या एका पोरीला गेली. परशराम कोचला सांगून आला होता की हे देऊ नका. त्यांनी हसून पाठीवर थाप मारली. पुढचं वर्षभर हा माणूस ताणात होता. नागपूरकडचं कुणी आलं की विचारायचा, “ते काळं चाक चालते का अजून?” चालत होतं. दुसऱ्या वर्षीही चाललं. एकदा चहा पिता पिता म्हणाला, “भाऊ, माहा कान चुकला. ते चाक चांगलं होतं.” मी म्हणालो, “मग वाईट वाटतं का?” तो भडकलाच. “काय बोलून राह्यला बे? त्या पोरीचं डोकं फुटलं असतं म्हंजे मले बरं वाटलं असतं का? बरं झालं चुकला.” मनूला त्याने दिवाळीत तोंडाने सांगितलं की माझं चुकलं. ती “बरं” म्हणाली आणि आत गेली. नंतर अमरावतीला एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. येई, आईजवळ बसे, बापाच्या ताटाला ताट लावून जेवे, पण दुकानात पाऊल टाकत नसे. मला वाटायचं, बापलेकीचं बोलणं संपलं. सहा वर्षं मी भिंतीपलीकडे बसून ते पाहिलं आणि गप्प राहिलो. मधे एकदाच, स्पोक भरता भरता तो म्हणाला, “तू पाह्यलं होतं.” मी विचारलं, “काय?” त्याने चावी फिरवली. “काही नाही.” त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही, आणि मी सुटलो असं समजून दुकानात आलो.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मनूने शटर उघडलं. सामान लावत होती. एक अर्धवट चाक स्टँडवर तसंच राहिलं होतं, कुणा शाळकरी पोराचं, तेवढं पुरं करत होती. मी तीन वेळा दारापर्यंत जाऊन परत आलो. चौथ्यांदा आत गेलो आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. अंगठा पाहिला होता. आकडा नाचत होता. गिऱ्हाईक कुणी नव्हतं.

तिने चाक थांबवलं नाही. “दोन्ही वेळा पाह्यलं?”

“दोन्ही वेळा.”

“मंग बोलले काहून नाही?”

“शेजारी होता तो, मनू…”

“मीही शेजारचीच होती ना, काका.”

 मी म्हणालो, त्याने मला वाचवलं आणि सगळा राग एकट्याने अंगावर घेतला. ती म्हणाली, “तुम्ही घेऊ देल्ला.” मग डोळे पुसले, चावी खाली ठेवली आणि अगदी शांतपणे म्हणाली, “जा तुम्ही आता.” मी गेलो. दोन दिवसांनी ती अमरावतीला परत गेली, आमच्या ओट्यावर न थांबता. अठ्ठावीस वर्षांत त्या घरातलं माणूस असं माझ्या दारावरून गेलं नव्हतं. मी माझ्या गल्ल्यावर बसून पोरासारखा रडलो.

शेवंताबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मला ठाऊकच नव्हती. मनू दर रविवारी सकाळी सायकल काढायच्या आधी बापाला फोन करायची. अमरावतीला गेल्यापासून सहा वर्षं, एकही रविवार चुकला नाही. बोलणं एकच. “हवा किती भरू?” तो विचारायचा, ऊन किती, रस्ता कसा, आणि आकडा सांगायचा. ती फोन ठेवायची. शेवंताबाई म्हणाल्या, “तिले काय समजत नव्हतं का भाऊजी? पोरायले शिकवते ते. पण इचारे.”

गेल्या रविवारी सकाळी सहाला माझा मोबाइल वाजला. नाव मनूचं. पलीकडून रस्त्यावरच्या एका गाडीचा आवाज. “काका,” ती म्हणाली, “ऊन तापनार हाय. रस्ता खडबडीत हाय. हवा किती भरू?” इतकी वर्षं त्या भिंतीतून मी त्याला गिऱ्हाइकांना आकडे सांगताना ऐकलं होतं. जिभेवर एक आकडा तयारही होता. तो ठोकून द्यायचा, पोरीला बरं वाटलं असतं, मलाही.

“मले नाही माहीत, मनू,” मी म्हणालो.



“पाहा,” ती म्हणाली, “येते तुमाले खरं बोलता.” आणि फोन ठेवला.